लंगडत खेळणाऱ्यांचं कौतुक कुणाला परवडतं?

2025 च्या एनबीए (अमेरिकेची व्यावसायिक बास्केटबॉल लीग) प्लेऑफमध्ये, म्हणजे करंडकासाठीच्या बाद फेऱ्यांत, दोन महिन्यांच्या आत तीन मोठे खेळाडू एकाच दुखापतीने आडवे झाले. 27 एप्रिलला मिलवॉकीचा डेमियन लिलार्ड, 12 मे रोजी बॉस्टनचा जेसन टेटम आणि 22 जूनला, थेट अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यात, इंडियानाचा टायरीस हॅलिबर्टन. तिघांचीही अकिलीस कंडरा फाटली. पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाशी बांधणारी ती जाड दोरी. तिघांच्याही जर्सीवर शून्य नंबर होता, त्यामुळे काही दिवस अंकशास्त्रवाल्यांचंही फावलं. ते ओसरल्यावर वाद पेटला आणि त्यात नेहमीचे दोन तट पडले. एक म्हणतो, हंगामात 82 सामने म्हणजे माणसांना घाण्याला जुंपणं आहे, सामने कमी करा. दुसरा म्हणतो, हल्लीची पोरं नाजूक, आमच्या वेळचे पाय मुरगळला तरी पट्टी बांधून उभे राहायचे. आपल्याकडच्या बास्केटबॉलवाल्यांच्या ग्रुपवरही हेच दोन तट, हाच आवेश. फरक एवढाच, की आपल्याकडे 82 सामने कुणी खेळत नाही, तरी घोटे आणि गुडघे जायचे ते जातातच.

माझ्या मते दोन्ही तट चुकीच्या प्रश्नावर भांडताहेत. खेळाडू किती खेळतो हा प्रश्न दुय्यम आहे. दुखापतीनंतर तो परत कधी उतरतो आणि ते कोण ठरवतं, हा खरा प्रश्न. बास्केटबॉलमध्ये टाळता येण्याजोग्या मोठ्या दुखापतींपैकी बऱ्याच दुखापती या आधीच्या, अर्धवट बऱ्या झालेल्या छोट्या दुखापतीच्या पाठीवर येतात. ती छोटी दुखापत संपली की नाही, याचा निकाल आपण कॅलेंडरवर, स्पर्धेच्या तारखेवर आणि खेळाडूच्या छातीवर सोपवतो. तो मोजमापावर सोपवला पाहिजे, आणि सामन्याच्या निकालात ज्याचा जीव अडकलेला नाही अशा माणसाच्या हाती दिला पाहिजे.

हॅलिबर्टनचंच घ्या. अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात त्याच्या उजव्या पोटरीचा स्नायू ताणला गेला. तो सहावा सामना खेळला, सातवाही खेळला. सातव्यात पहिल्या काही मिनिटांत तीन थ्री-पॉइंटर (लांबून टाकलेले, तीन गुणांचे बास्केट) टाकून नऊ गुण केले आणि मग बॉल घेऊन झेप घेताना त्याच उजव्या पायाची कंडरा गेली. हे आधी कुठे पाहिलं होतं? 2019 मध्ये केविन ड्युरंटची उजवी पोटरी 8 मे रोजी ताणली गेली. महिनाभर तो बाहेर होता आणि 10 जूनला टोरांटोत अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात उतरला. बारा मिनिटांत 11 गुण, आणि दुसऱ्या क्वार्टरमध्ये उजवी अकिलीस फाटली. शरीररचना ज्याला ठाऊक आहे त्याला यात गूढ वाटणार नाही. पोटरीचे दोन मोठे स्नायू खाली उतरत एकत्र येतात आणि त्यांचीच पुढे ही कंडरा बनते. वरचा स्नायू दुखरा, कमजोर, उशिरा आकसणारा असेल, तर झेपेच्या क्षणी ताण पूर्वीसारखा विभागला जात नाही.

इथे समोरच्याची बाजू प्रामाणिकपणे मांडायला हवी. दोन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही. पोटरी ताणल्यावर पूर्ण बरे होऊन वर्षानुवर्षं खेळलेले पुष्कळ आहेत. टेटमची कंडरा फाटण्यापूर्वी त्याच्या पोटरीबद्दल कुणी अवाक्षर ऐकलं नव्हतं. 42 गुण करून मैदानावर असतानाच तो कोसळला. लिलार्ड तर उजव्या पोटरीतल्या रक्ताच्या गुठळीवर उपचार घेऊन परतला होता, आणि फाटली ती डाव्या पायाची. म्हणजे प्रत्येक दुखापतीला आधीचा धागा सापडतोच असं नाही. काही निव्वळ दुर्दैव असतात. पण दुर्दैवावर उपाय नसतो म्हणून ज्यावर उपाय आहे तेही सोडून द्यायचं का?

आता पहिला तट. सामने जास्त आहेत, हे म्हणणं पोकळ नाही. 82 सामन्यांचा हंगाम 1967-68 पासून चालत आलाय. खेळाचा वेग, उड्या, दिशा बदलण्याचे झटके तेव्हाचे राहिलेले नाहीत. सॅन अँटोनियोचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी 29 नोव्हेंबर 2012 रोजी मायामीतल्या सामन्याआधी टिम डंकन, टोनी पार्कर, मनू जिनोबिली आणि डॅनी ग्रीन यांना विश्रांतीसाठी सरळ घरी धाडलं, तेव्हा लीगने संघाला अडीच लाख डॉलर दंड ठोठावला. पुढे तीच गोष्ट ‘लोड मॅनेजमेंट’ या भारदस्त नावाने सर्रास झाली. 2018-19 मध्ये क्वाय लेनर्डला टोरांटोने हंगामात फक्त 60 सामने खेळवले आणि शेवटी करंडक उचलला. त्याहून मोठी जाहिरात कोणती हवी? मग प्रेक्षक तिकिटाचे पैसे परत मागू लागले, आणि 2023-24 पासून लीगने नियम केला: किमान 65 सामने खेळल्याशिवाय एमव्हीपी (हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडू) सारख्या मोठ्या पुरस्कारांसाठी विचार नाही. जानेवारी 2024 मध्ये लीगने संघांना पाठवलेल्या अहवालात तर विश्रांतीसाठी सामने चुकवल्याने पुढच्या दुखापती कमी झाल्याचं दिसत नाही, असा निष्कर्ष होता.

या अहवालाकडे मी मान तिरकी करूनच पाहतो. तिकिटं विकणाऱ्यानेच विश्रांती निरुपयोगी ठरवावी, हे जरा सोयीचं आहे. शिवाय ज्यांना विश्रांती दिली जाते ते मुळातच वयस्क किंवा आधी जखमी झालेले असतात. त्यांची तुलना धडधाकटांशी करून काय हाती लागणार? पण त्या अहवालाचं खंडन केल्याने विश्रांतीवाल्यांचं म्हणणं आपोआप सिद्ध होत नाही. त्यांची मूळ गफलत वेगळीच आहे. विश्रांतीलाच ते उपचार समजतात.

गुडघ्याच्या वाटीखालचं दुखणं पाहा, ज्याला खेळाडू ‘जंपर्स नी’ म्हणतात. अव्वल दर्जाच्या बास्केटबॉलपटूंपैकी सुमारे 32 टक्के जणांना ते असल्याचं नॉर्वेतल्या एका जुन्या पाहणीत आढळलं होतं. उड्या मारून मारून वाटीखालची कंडरा दुखू लागते. मुलगा सांगतो, सर, गुडघा दुखतोय. सर सांगतात, दोन आठवडे येऊ नकोस. दोन आठवडे तो येत नाही, दुखणं थांबतं, तो परततो, पहिल्या रीबाउंडला (हुकून परतलेला बॉल उडी मारून पकडताना) पुन्हा कळ. मग आणखी दोन आठवडे. असं करत हंगाम संपतो. कारण कंडरा आरामाने बळकट होत नाही, भाराने होते. बसून राहिल्यावर दुखणं जातं, पण ताकदही जाते. अशा गुडघ्याला हवा असतो हिशेबाने वाढवत नेलेला व्यायाम: आधी भिंतीला पाठ टेकून स्थिर बैठक, मग वजन घेऊन सावकाश स्क्वॉट, मग छोट्या उड्या, शेवटी सामना. यात महिने जातात आणि ते कंटाळवाणं असतं. कंटाळवाण्या गोष्टींवर वाद रंगत नाहीत, म्हणून चर्चेत त्यांना जागा मिळत नाही.

दुसऱ्या तटाच्या म्हणण्यातही तथ्याचा कण आहे, आणि तो याच ठिकाणी सापडतो. शरीराला भार लागतो, अति जपलेलं शरीर कमजोर होतं, हे जुन्या खेळाडूंना कळत होतं. जॉन स्टॉकटन 19 हंगामांत फक्त 22 सामन्यांना मुकला. ए. सी. ग्रीन सलग 1,192 सामने खेळला. ही माणसं काही हवेतून पडली नव्हती. शिस्त, झोप, व्यायाम यांत ती कडक होती. आणि न्यूयॉर्कचा विलिस रीड? 8 मे 1970 रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मांडीचा स्नायू फाटलेला असताना इंजेक्शन घेऊन तो लंगडत बाहेर आला, पहिले दोन बास्केट टाकले आणि न्यूयॉर्कने लॉस एंजेलिसला 113-99 असं हरवलं. ती आठवण अजून अमेरिकेच्या अंगावर काटा आणते. त्या सामन्यात रीडचे एकूण गुण चार होते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

पण रीडच्या गोष्टीशेजारी बिल वॉल्टनची गोष्ट ठेवून पाहा. 1977 मध्ये त्याने पोर्टलंडला करंडक जिंकून दिला, 1978 मध्ये तो एमव्हीपी झाला. त्याच वर्षी प्लेऑफमध्ये दुखऱ्या पायात वेदनाशामक इंजेक्शन घेऊन तो खेळला आणि नंतर कळलं की पायाचं नेव्हिक्युलर हाड मोडलंय. पुढचा अख्खा हंगाम गेला, त्यानंतरही दोन हंगाम पूर्ण गेले. खेळाच्या इतिहासातल्या सर्वांत हुशार सेंटरांपैकी एकाचे सगळे मिळून 468 सामने झाले. किंवा ग्रँट हिल घ्या. 2000 साली घोटा दुखत असताना तो डेट्रॉइटसाठी प्लेऑफमध्ये उतरला आणि घोटा मोडूनच बाहेर पडला. ऑर्लँडोत गेल्यावर पहिल्या तीन हंगामांत मिळून त्याचे 47 सामने झाले. 2003 मध्ये शस्त्रक्रियेनंतर जिवावर बेतणारा जंतुसंसर्ग झाला तो वेगळाच. इंजेक्शन दोघांनी घेतलं, रीडनेही आणि वॉल्टननेही. एकाची दंतकथा झाली, दुसऱ्याची केस पेपर. मग ‘आमच्या वेळी’ म्हणणाऱ्यांना विचारायला नको का, की तुमच्या वेळचे जे मोडले ते आता कुठे आहेत? जे टिकले तेच कट्ट्यावर बसून सांगताहेत. जे बावीसाव्या वर्षी गुडघा गमावून बँकेच्या परीक्षेला बसले, त्यांच्या मुलाखती कुणी घेतल्या नाहीत.

या दोन तटांच्या पलीकडची वाट कशी दिसते, हे स्टीफन करीने दाखवलं. 2011-12 च्या हंगामात त्याचा उजवा घोटा इतक्यांदा मुरगळला की तो जेमतेम 26 सामने खेळला. वर्षभरात दोन शस्त्रक्रिया झाल्या. 2012 मध्ये चार वर्षांसाठी 4 कोटी 40 लाख डॉलरचा करार त्याने केला, तो त्याच्या दर्जाच्या मानाने स्वस्तातला, कारण या घोट्यावर पैज लावायची कुणाची तयारी नव्हती. त्यानंतर त्याने काय केलं? बाकावर बसून राहिला नाही, आणि इंजेक्शन घेऊन मर्दुमकीही गाजवली नाही. प्रशिक्षकांच्या ध्यानात आलं, की दिशा बदलताना तो सगळा भार घोट्यावर टाकतो, कारण कंबरेचे आणि नितंबांचे स्नायू आपलं काम करत नाहीत. मग डेडलिफ्ट, एका पायावरचे व्यायाम, कंबरेची ताकद. आणि घोट्याला ब्रेस, म्हणजे आधार देणारं घट्ट आवरण, जे त्याने पुढे कायम ठेवलं. 2012-13 मध्ये तो 78 सामने खेळला आणि 272 थ्री-पॉइंटर टाकून तेव्हाचा विक्रम केला. दुखतं एकीकडे आणि उपाय भलतीकडे, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण घोट्याच्या दुखापतीत बऱ्याचदा असंच असतं.

इथे कुणीतरी म्हणेल, ही कोट्यधीशांची कौतुकं झाली. आमच्या जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत कुठला फिजिओ आणि कुठला ब्रेस? हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

कुठलंही शालेय सामन्याचं मैदान डोळ्यांपुढे आणा. उघडं सिमेंटचं कोर्ट, कडेला शेवाळाची रेघ, रिंगच्या खांबाला बांधलेली जुनी गादी. जून ते ऑगस्ट पावसामुळे सराव धड होत नाही, आणि कोर्ट वाळतं न वाळतं तोच तालुका, जिल्हा, विभाग अशा पायऱ्या सुरू होतात. एकेका दिवशी दोन-दोन सामने. म्हणजे आपल्या पोरांचं दुखणं अमेरिकेच्या उलट आहे. तिथे भार सतत जास्त, इथे महिनोन् महिने शून्य आणि मग एकदम दुप्पट. ‘सामने कमी करा’ ही मागणी इथे उचलून आणणं म्हणूनच हास्यास्पद आहे. आपल्याला सामने वाढवून ते वर्षभर पसरवायला हवेत. त्या कोर्टवर सतरा वर्षांखालची एक मुलगी रीबाउंड घेऊन खाली येते, तिचा पाय दुसरीच्या बुटावर पडतो, घोटा आत वळतो. ती बसते. सर धावत येतात, स्प्रे मारतात, क्रेप बँडेज करकचून गुंडाळतात आणि विचारतात, “खेळशील ना बाळा? तीन मिनिटंच राहिलीत.” सोळा वर्षांची मुलगी या प्रश्नाला काय उत्तर देणार? टाळ्या पडतात, ती लंगडत आत जाते. संध्याकाळी घोटा टम्म सुजतो, आजी आंबेहळद आणि रक्तचंदनाचा लेप लावते. लेपाने नुकसान काही होत नाही. नुकसान दुसऱ्या दिवशी मालिशवाल्याकडे नेऊन ताजा मुरगळलेला पाय रगडून घेतल्याने होतं. आठवड्याने सूज उतरते, आणि ती ‘बरी’ होते.

या दृश्यात महागडं असं काय हवं होतं? घोट्याचा एक्स-रे काढायचा की नाही यासाठी कॅनडातल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये नियम बसवले, ते कुठल्याही क्रीडाशिक्षकाला दहा मिनिटांत शिकता येतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंची जी हाडं बाहेर दिसतात, त्यांच्या खालच्या सहा सेंटिमीटर भागात मागच्या कडेला किंवा टोकाला दाबून दुखतंय का? पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर जो हाडाचा उंचवटा असतो तिथे, किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वर दुखतंय का? चार पावलं स्वतःच्या पायावर टाकता येताहेत का? एकाचंही उत्तर वाईट आलं तर एक्स-रे, आणि सामना संपला. सगळी उत्तरं चांगली आली तरी त्याचा अर्थ हाड बहुधा शाबूत आहे एवढाच. लिगामेंटचं, म्हणजे हाड हाडाशी बांधणाऱ्या दोरीचं, काय झालं ते अजून कळलेलं नाही, त्यामुळे सामना तरीही संपलाच.

पुढचं काम आणखी स्वस्त आहे. बर्फ की शेक, या वादात आपण उगाच रक्त आटवतो. ‘विश्रांती, बर्फ, दाब, पाय उंच’ हे सूत्र 1978 मध्ये लोकप्रिय करणारे डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे बर्फ आणि पूर्ण विश्रांती या दोन्हींचा आग्रह मागे घेतला. पहिले एक-दोन दिवस दुखणं कमी करायला बर्फ लावा, बिघडत नाही. खरा उपचार म्हणजे लवकर हालचाल आणि मग तोल. दात घासताना एका पायावर उभं राहणं, नंतर तेच डोळे मिटून, नंतर घडी घातलेल्या सतरंजीवर, नंतर त्याच पायावर उभं राहून पास झेलणं. लिगामेंट ताणलं की त्यातली पायाची जागा मेंदूला कळवणारी यंत्रणाही बिघडते. सूज उतरल्याने ती दुरुस्त होत नाही. म्हणून तर घोटा पुन्हा मुरगळण्याचा सर्वांत खात्रीचा इशारा म्हणजे तो आधी मुरगळलेला असणं. ब्रेसचं म्हणाल, तर अमेरिकेत शालेय संघांतल्या 1,460 बास्केटबॉलपटूंवर झालेल्या, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लेसचा ब्रेस घालणाऱ्यांत घोट्याच्या दुखापतींचं प्रमाण न घालणाऱ्यांच्या सुमारे एक तृतीयांश निघालं. दुखापत झालीच तर तिची तीव्रता मात्र कमी झाली नाही, हेही त्याच अभ्यासात आहे. आपले पालक काय करतात? घोट्यापर्यंत येणारे महागडे बूट घेऊन देतात, ज्यांनी मुरगळणं कमी होतं याचा ठोस पुरावा नाही, आणि त्याहून कितीतरी स्वस्त ब्रेसला ‘सवय लागेल’ म्हणून नकार देतात. लागू दे की सवय. करीलाही लागलीय.

बोटाची गोष्ट तर याहून वाईट, कारण तिला कुणी दुखापतच मानत नाही. बॉल बोटाच्या टोकावर आदळतो, शेवटचं पेर खाली लोंबतं, शेजारचा पोरगा ते ओढून ‘बसवतो’ आणि खेळ पुढे सुरू. पेर सरळ करणारी कंडरा तिथे तुटलेली असते. सहा ते आठ आठवडे ते पेर पट्टीत अखंड सरळ ठेवावं लागतं. आंघोळीला पट्टी काढली आणि पेर एकदा वाकलं, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. उपचार काही रुपयांचा, शिस्त मात्र लोखंडी. कितीतरी जुन्या खेळाडूंची बोटं पाहा, लोंबत्या पेरांची. ती त्यांना शौर्यपदकं वाटतात.

मोजमापाचा मुद्दा गुडघ्यावर सर्वांत ठळक होतो. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं एक मुख्य लिगामेंट, फाटल्यावर शस्त्रक्रिया झाली की घरोघरी एकच प्रश्न असतो: किती महिन्यांनी खेळेल? नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी मिळून शंभरेक रुग्णांचा पाठपुरावा करून 2016 मध्ये प्रसिद्ध केलेलं उत्तर अंगावर येणारं आहे. नऊ महिन्यांपर्यंत परतीला लावलेल्या प्रत्येक महिन्याच्या उशिराने गुडघ्याच्या पुन्हा दुखापतीचं प्रमाण साधारण निम्म्याने घटत गेलं. परतण्यापूर्वी ताकदीच्या आणि उड्यांच्या चाचण्या पार न केलेल्यांपैकी 38 टक्के पुन्हा जखमी झाले. पार केलेल्यांपैकी सहा टक्क्यांहून कमी. अभ्यास लहान होता, हे मान्य. पण चाचण्या कोणत्या, ते तर बघा. त्यांतल्या उडीच्या चाचण्यांना यंत्र लागतच नाही: एका पायावर उडी मारून किती लांब पोचतो, ते दोन्ही पायांवर टेपने मोजायचं आणि दुखऱ्या पायाची उडी दुसऱ्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आली का ते पाहायचं. घोट्या-पोटरीसाठी तशीच साधी परीक्षा म्हणजे एका पायावर टाच उचलणं. चांगला पाय जितक्या वेळा उचलतो त्याच्या आसपास दुखरा उचलतो का? खडू, टेप, एक वही. कुठल्या शाळेकडे हे नाही?

मुलींच्या बाबतीत तर हे टाळणं अक्षम्य आहे. उड्या आणि वळणांच्या खेळांत मुलींमध्ये एसीएल फाटण्याचं प्रमाण मुलांच्या दोन ते आठ पट आढळतं. उडीवरून गुडघे आत न वळवता, वाकवून, हलकेच उतरायला शिकवणारा पंधरा मिनिटांचा वॉर्मअप आठवड्यातून दोन-तीनदा नेमाने केला, तर हे प्रमाण साधारण निम्म्यावर येतं. आपल्या मैदानांवर वॉर्मअप म्हणजे कोर्टाभोवती दोन फेऱ्या आणि लेअपची (पळत येऊन जवळून बास्केट टाकण्याची) रांग.

आता राहिला तत्त्वाचा आक्षेप. शरीर खेळाडूचं, निर्णयही त्याचाच. हॅलिबर्टनने नंतर लिहिलं, की पुन्हा वेळ आली तर तो पुन्हा उतरेल. सज्ञान माणूस, आयुष्यातला सर्वांत मोठा सामना, भोवती उत्तम डॉक्टर, धोका समजावून सांगितलेला. त्याच्या निर्णयाला मूर्खपणा म्हणायची माझी हिंमत नाही. त्याच्या जागी मीही उतरलो असतो बहुधा. पण हा युक्तिवाद जितका त्याला लागू पडतो, तितकाच सोळा वर्षांच्या मुलीला पडत नाही. तिला धोका कुणी समजावलेला नसतो, तिच्या गुडघ्याचा विमा नसतो, आणि तिला विचारणारा माणूस तोच असतो जो पुढच्या सामन्यात तिला संघात घेणार की नाही हे ठरवतो. याला निर्णयस्वातंत्र्य म्हणायचं?

आणि खेळाडूच्या धाडसावर सुरक्षितता सोडायची नाही, ही कल्पना या खेळाला परकी नाही. हा खेळ जन्मलाच तिच्यातून. डिसेंबर 1891 मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएत जेम्स नेस्मिथला बंदिस्त हॉलमध्ये, लाकडी जमिनीवर खेळता येईल असा खेळ हवा होता. त्याने विचार केला, माणसं एकमेकांना आडवी का पाडतात? बॉल घेऊन पळता येतं म्हणून. तर पळणंच बंद. बॉल जोरात का मारतात? गोल समोर असतो म्हणून. तर गोल डोक्यावर, दहा फुटांवर; तिथे जोर काढून उपयोग नाही, नेमच लागतो. तेरा नियमांतला पाचवा खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाय अडकवणं यांवर होता. 1905 मध्ये अमेरिकन फुटबॉलमध्ये पोरं मरू लागली, तेव्हा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी विद्यापीठांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं आणि 1906 मध्ये नियम बदलले, पुढे पास करायला मुभा मिळाली. तेव्हाही लोक म्हणालेच होते, की खेळ बायकी होईल. 2017 मध्ये झाझा पाचुलियाचा पाय क्वाय लेनर्डच्या पावलाखाली आला, लेनर्डचा घोटा गेला, आणि त्याच वर्षी एनबीएने शूटरला खाली उतरायची जागा न देणाऱ्यांवर कडक कारवाईचा नियम आणला. खेळाडूंना ‘जपून खेळा’ सांगून यातलं काहीच झालं नसतं.

तेव्हा आपल्याकडे नियम कुठे हवा, हे उघड आहे. शालेय स्पर्धांत जो खेळाडू दुखापतीमुळे बाहेर गेला, तो त्या दिवशी परत उतरणार नाही. पुढच्या दिवशी उतरायचं तर उडी आणि टाचेची चाचणी स्वतःच्या प्रशिक्षकासमोर नाही, दुसऱ्या शाळेच्या क्रीडाशिक्षकासमोर. तो सवलत देणार नाही, याची खात्री बाळगा. प्रशिक्षक ओरडतील, की हुकमी खेळाडू बसला तर सामना जातो. जाऊ द्या; प्रतिस्पर्ध्यालाही तोच नियम लागू आहे.

पण याहून मोठी गाठ सवलतीच्या क्रीडागुणांची आहे. दहावी-बारावीला स्पर्धेतला सहभाग आणि यश यांवर गुण मिळतात, आणि ते मिळावेतच. मात्र त्यामुळे विभागीय सामन्याच्या आदल्या दिवशी घोटा सुजलेल्या मुलाला घरून, शाळेतून, सगळीकडून एकच सांगणं असतं: कसाबसा उतर, निदान नाव तरी लागेल. जिथे पोचून तो जखमी झाला, तिथल्या पुढच्या फेरीत बेंचवर बसूनही त्याचा सहभाग धरला जाईल, असं एका ओळीचं परिपत्रक निघालं तर त्याच्या बापाला इंजेक्शन शोधत फिरावं लागणार नाही. खोटे दाखले येतील, ही भीती खरी आहे. त्यासाठीच त्या दिवशीची स्कोअरशीट आहे. कोण कोणत्या क्वार्टरला का बाहेर गेला, ते पंचांच्या सहीनिशी तिच्यावर लिहायला एक रकाना पुरतो.